बालाघाटाच्या उतारावर सायकलींसाठी वाट आखावी का?

घाटचढ्या (जुळे सोलापूर)

रुंद टायरच्या, सस्पेन्शनच्या सायकली घेणारे सोलापुरात आता पुष्कळ झाले आहेत, पण त्यांतल्या बहुतेक सायकली महामार्गाच्या कडेनेच धावतात. ज्यांना डांबर सोडायचे असते ते तुळजापूर घाटाच्या अलीकडे गाड्या लावतात, गुरांच्या वाटांनी बालाघाटाचा उतार चढतात, वर उघड्या धारेवर मनाला येईल तशी सायकल हाकतात आणि सरळ उतारावरून खाली येतात. हे आजही चालू आहे, त्यामुळे ते चालू नाही असे धरून वाद घालण्यात अर्थ नाही. वन विभागाकडे रीतसर अर्ज करून अभयारण्याबाहेरच्या झाडीच्या उतारावर एकच वाट आखून घ्यावी आणि बाकीचा डोंगर मोकळा सोडावा, असा माझा प्रस्ताव आहे.

वाट आखणे म्हणजे झाडे पाडून रस्ता करणे नव्हे. अशा वाटांचे जे ठोकताळे जगभर वापरले जातात ते साधे आहेत. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत राहावा. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली असावी आणि मधून मधून थोडी खाली नेऊन पुन्हा वर काढावी, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवरून धावत सुटण्याऐवजी जागोजागी बाहेर पडते. ज्यांनी सलग समतल चरांचे, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडव्या खणलेल्या चरांचे, काम पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. याउलट, सरळ उतारावर पडलेल्या चाकोरीचा पहिल्याच वळवाच्या पावसात ओघळ होतो, पुढच्या वर्षी तो ओघळ चुकवण्यासाठी लोक शेजारून जातात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात.

सायकलीमुळे माती सुटते, हा आक्षेप येणार हे मला माहीत आहे. विल्सन आणि सेनी या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील डोंगरवाटांवर घोडे, पायी चालणारे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली होती. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चाकांपेक्षा घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी अधिक माती मोकळी झाल्याचे आढळले. तेव्हा दोष चाकाचा कमी आणि वाट कुठून नेली याचा जास्त आहे.

माळनिरीक्षक (सोलापूर)

आपण मातीचे उत्तर दिले, परंतु माझा प्रश्न मातीपुरता नाही. मोंटानातला तो अभ्यास वाटेवरून किती माती सुटली एवढेच मोजतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कोण राहते आणि ते तिथे टिकते का, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

उघडी धार आणि माळ सायकलस्वाराला रिकामे दिसतात, कारण तिथे झाड नाही. त्याच रिकामेपणावर टिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा संसार उभा असतो. टिटवीचे घरटे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की ते घरटे असे नसतेच. मुरमात जेमतेम खोलगट केलेली जागा, कडेने चार खडे आणि मध्ये मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची अंडी, जी दोन पावलांवरूनही खड्यांत मिसळून जातात. पायी चालणारा माणूस टिटवीचा आरडाओरडा ऐकून थांबतो तरी. उतारावरून सुटलेला सायकलस्वार हातातले ब्रेक आणि समोरचा दगड यांतच गुंतलेला असतो.

आपण म्हणाल की विणीच्या काळात वाट बंद ठेवू. मग वर्ष मांडून पाहा. उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वीण असते, आणि त्या उन्हात सायकल चालवण्याची हौसही फार थोड्यांना असते. पावसाळ्यात पायथ्याची काळी माती चाकाला आणि फोर्कला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि वर गवत वाढत असते. उरला हिवाळा. आपल्या सर्वांना सोयीचा हाच हंगाम, आणि आपल्याकडच्या लांडगिणीची पिल्ले बिळात असतात तीही याच महिन्यांत. माणसांची वर्दळ वाढली की ती पिल्ले उचलून दुसरीकडे नेते, आणि माळावर दुसरीकडे म्हणजे बहुधा कुणाच्या तरी शेताच्या बांधाला. तिथे तिचे काय होते हे सांगायला नको. मला तरी या वर्षात मोकळा महिना सापडत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य 1979 मध्ये झाले आणि आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्याला सायकली कारणीभूत नाहीत, हे मान्य. पण माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे काहीही केले तरी चालते, ही समजूत नक्कीच कारणीभूत आहे, आणि आपला प्रस्ताव त्याच समजुतीच्या कडेकडेने जातो आहे.

उत्तर सोलापूरकर

माझा आक्षेप वेगळा आहे. माळढोकच्या नावाने 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले गेले तेव्हा शेते, गावे, रस्ते सगळेच त्यात आले. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणले, पण तोपर्यंत आमच्या भागात विहीर, बांधकाम, जमिनीची खरेदी-विक्री यांसाठी किती हेलपाटे झाले ते घरोघरी विचारा. बोरामणीचे विमानतळ वनजमिनीच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे रखडले, हे तर सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. अशा ठिकाणी शहरातल्या लोकांच्या सुट्टीच्या छंदासाठी वनजमिनीवर वाट मंजूर झाली, तर ज्यांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर चरली त्यांना ती कशी पटणार?

शिवाय वेगाचे काय? वळणावर पन्नास मेंढरे, दोन कुत्री आणि एक म्हातारा धनगर समोर आला तर कोणी थांबायचे? कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्याच्या डोंगरांत 1970 च्या दशकात हा खेळ नावारूपाला आला, आणि तिथेही वेगाला ताशी 15 मैलांची मर्यादा घालावी लागली. कोणाला ओलांडताना ती 5 मैलांवर येते. तिथे रेंजर असतात. आपल्याकडे एका वनरक्षकाच्या अंगावर सगळे बीट, म्हणजे त्याच्या राखणीचा पूर्ण टापू, असते.

चाकोरी (बार्शी)

तुळजापूर कशाला, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात झाडी आहे, सावली आहे, धबधबा आहे आणि बार्शीहून ते जवळही आहे. तिथेच परवानगी का मागू नये?

माळनिरीक्षक

कारण ते अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. शिवाय यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून आलेला वाघ 2024 च्या अखेरीस याच रामलिंगच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. एवढे अंतर माणसांच्या वस्तीतून पार करून जो प्राणी त्या चिंचोळ्या रानात पोचला, त्याच्या वाटेत आपण हेल्मेट घालून उतरावे असे मला वाटत नाही, आणि आपल्या घरच्यांनाही वाटणार नाही.

घाटचढ्या

रामलिंगचा विषय माझ्या प्रस्तावात नव्हता आणि नाही. राहिलेल्या आक्षेपांना उत्तर देतो.

माळनिरीक्षकांनी मांडलेले वर्ष बरोबर आहे, पण ते धारेचे आणि माळाचे आहे. मी मागतो आहे ती वाट धावडा, पळस, बोर आणि गिरीपुष्पाच्या झाडीतून, उताराच्या मधल्या पट्ट्यातून जाते आणि वर न चढता घाटातल्या डांबरी रस्त्याला मिळते. धार पूर्णपणे वगळावी, हे अर्जातच लिहिता येईल. आज जे सायकलस्वार धारेवर जातात ते तिथे का जातात? झाडीतून नीट वाट नाही, शिवाय सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे इतके की ट्यूबलेस टायरमधले, छिद्र आपोआप बुजवणारे सीलंटही हात टेकते, म्हणून. मोकळ्या जागेत निदान पंक्चर कमी होते.

धनगरांच्या बाबतीत उत्तर सोलापूरकरांशी मी सहमत आहे, मात्र त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. वाट त्यांना विचारूनच आखावी, मेंढरे जिथे पाण्यावर उतरतात तो भाग टाळावा, आणि समोरून जनावरे आली की सायकलस्वाराने उतरून कडेला उभे राहावे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने सायकलस्वारांना डोंगरात, रानात जाण्याचा हक्कच दिला आहे, तोही जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. आपण हक्क मागत नाही; एक वाट मागतो आहोत.

माळनिरीक्षक

स्कॉटलंडचा दाखला देताना अमेरिकेचाही द्यावा. तिथे 1964 च्या कायद्याने राखलेल्या निबिड रानांत सायकलीला बंदी आहे. परदेशातून हवे ते उदाहरण सापडते, म्हणून मी आपल्या उताराबद्दलच बोलतो.

आपण ज्या मधल्या पट्ट्याबद्दल लिहिता तिथे जागोजागी समतल चर आहेत. घाटाखालच्या एका चराच्या बांधावर सायकलींनी पाडलेली खाच मी पाहिली आहे. ती टायरपेक्षा फार रुंद नव्हती, पण त्या चरात साठायचे ते सगळे पाणी तिच्यातून वाहून गेले होते आणि खालच्या चराचा बांधही फुटला होता. बेसॉल्टवर वीतभर मुरूम, त्यावर बोटभर माती, अशी आपल्या डोंगराची स्थिती आहे. गेलेली माती या अवर्षणाच्या मुलखात आपल्या हयातीत परत येत नाही. आपली वाट चरांना समांतर जाईल हे खरे, पण एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाताना ती कुठेतरी चर ओलांडणारच. ती जागा दगडाने बांधून घ्यावी लागेल आणि दर पावसाळ्यानंतर पाहावी लागेल. हे कोण करणार, याचा उल्लेख आपल्या दोन्ही लेखांत नाही.

आणि जो उतार चढून जातो त्याला धार दिसतेच. पुढच्या वळणावरून सगळा मुलूख दिसेल हे माहीत असताना तो खालूनच डांबराकडे वळेल, यावर माझा विश्वास नाही. आपण वळाल, बाकीचे वळणार नाहीत.

घाटचढ्या

चर ओलांडण्याच्या जागा दगडाने बांधून देण्याचे आणि पावसाळ्यानंतर श्रमदानाने दुरुस्तीचे काम आमचा गट लेखी पत्करेल. धारेकडे जाणारे फाटे काटेरी झुडपे टाकून बंद करू. याहून अधिक हमी कोणी देऊ शकणार नाही.

उत्तर सोलापूरकर

हमी लेखी असेल तर त्यात आणखी एक कलम घाला. बीळ, घरटे किंवा फुटलेला चर दिसला की वाट त्याच दिवशी बंद करण्याचा अधिकार वनरक्षकाचा असावा, आणि ती पुन्हा उघडण्याआधी गावकरी आणि वन विभाग यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला विचारावे. माझा विरोध तरीही राहील, पण आखणीच्या पाहणीला मी येईन आणि गावातल्या दोन धनगरांनाही घेऊन येईन. मेंढरे कुठून उतरतात हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.