मदत हवी आहे: मार्खा व्हॅली ट्रेक, सोबत ६३ वर्षांचे सासरे आणि नववीतली लेक

हिरवीवाट:

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटी लडाखमधला मार्खा व्हॅलीचा ट्रेक करायचं घाटतंय. मी, नवरा, लेक आणि सासरे. बाबांना बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. रोज सकाळी पांडवलेणी चढून येतात आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर मागे वळून आम्हालाच "चला, चला" करतात. तेव्हा चालण्याची काळजी नाही, काळजी उंचीची आहे. आमच्यापैकी कोणीही कळसूबाईच्या, म्हणजे १६४६ मीटरच्या, वर पायी गेलेलं नाही.

मार्खाच का, तर वाटेत गावं आहेत आणि गावातल्या घरांत राहता येतं म्हणून. बाबा शेती खात्यातून निवृत्त झालेत. चार हजार मीटरवर सातू पिकवतात हे कुठेतरी वाचल्यापासून त्यांना ते शेत बघायचंच आहे. "नुसते डोंगर काय, आपल्याकडे कमी आहेत का?" असं त्यांचं म्हणणं. लेकीला हिमबिबट्या बघायचाय. उन्हाळ्यात तो दिसणं जवळजवळ अशक्य आहे हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही, इथेही कृपया सांगू नका, ती हा धागा वाचणार आहे. (वाचलंस ना? सॉरी.)

एका एजंटने हा कार्यक्रम पाठवलाय:

पहिला दिवस: विमानाने लेह. दुपारी लेह पॅलेस, शांती स्तूप.
दुसरा: गाडीने खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), परत लेह.
तिसरा: गाडीने चिलिंगमार्गे मार्खा गाव, मुक्काम होमस्टे.
चौथा: मार्खा ते निमालिंग, मुक्काम तंबूत.
पाचवा: कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदो, तिथून गाडीने लेह.
सहावा: परतीचं विमान.

"दोन दिवसांत बॉडी सेट होते मॅडम," असं तो म्हणतो. मला हे घाईचं वाटतंय, पण नक्की कुठे चुकतंय ते बोट ठेवून सांगता येत नाहीये. जाणकारांनी जरा फोडून सांगा. शिवाय डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, गाइड निवडताना काय विचारायचं, आणि आम्ही शाकाहारी आहोत तर खाण्याचं काय होईल, हेही हवंय. नवऱ्याला मागचेपुढचे शनिवार-रविवार धरून दहा दिवस मिळतात, त्याच्यावर एकही नाही.

बॅकबेंचर:

एजंटला विचारा, बॉडी सेट होते की बॉडी घेऊन येतात. पहिला नंबर लावून ठेवतो, खिंडपार यांची वाट बघतोय.

खिंडपार:

आलो.

हिरवीवाट, तुमचं नाक बरोबर आहे. या कार्यक्रमातले किलोमीटर बघूच नका, फक्त रात्री झोपायची उंची एका खाली एक लिहा. लेह ३५००, लेह ३५००, मार्खा ३८००, निमालिंग ४८००. (सगळे आकडे सुमारे, नकाशागणिक पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे होतात.) शेवटची उडी बघितलीत? एका रात्रीत हजार मीटर. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावं, हा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. इथे तो सरळ धाब्यावर बसवलाय.

खारदुंग ला दुसऱ्याच दिवशी घालणं हा तर शुद्ध गाढवपणा. ५३५९ मीटर! विमानातून उतरून चोवीस तासही झालेले नसतात. लेहमध्ये पहिला दिवस खोलीत लोळा, पाणी प्या, दारू-सिगारेट नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या सावकाश चढून बघा. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे हे लेहजवळचे मठ. लेहच्या तीन रात्रींत काटछाट करू नका.

आता निमालिंगबद्दल एक गोष्ट, जी माहितीपत्रकात छापत नाहीत. ते गाव नाही, उन्हाळी कुरण आहे. आजूबाजूच्या गावांची याक, मेंढरं तिथे चरायला येतात, पलीकडे कांग यात्से शिखर समोर उभं असतं, जागा अफाट सुंदर आहे. पण रात्री तिथे कोणाचं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर उपाय एकच, खाली उतरणं. आणि खाली म्हणजे मागे, हांकर गावाकडे. पुढे जायचं तर आधी ५२०० मीटरची कोंगमारू ला चढावी लागते. "खिंड ओलांडली की झालंच, पलीकडे उतारच आहे" असं म्हणून आजारी माणसाला वर ढकलणारे गाइड आहेत. तुमच्या गाइडला घरूनच हा प्रश्न विचारा: निमालिंगला रात्री दोन वाजता कोणी आजारी पडलं तर काय करशील? "हांकरला उतरवीन, घोडा असेल तर घोड्यावर" याशिवाय दुसरं उत्तर आलं तर फोन ठेवा.

खिंडीनंतरचा उतारही हलक्यात घेऊ नका. चिंचोळी घळ आहे, ओढा पुन्हापुन्हा ओलांडावा लागतो. ऑगस्टमध्ये पाऊस कमीच, लडाख पर्जन्यछायेत आहे, पण आला की ढगफुटीसारखा येतो. २०१० च्या ऑगस्टमधली लेहची ढगफुटीची रात्र आठवत असेल. वर ढग जमलेले असतील तर त्या घळीत उतरायचं नाही.

मावशी_एमबीबीएस:

डायमॉक्सबद्दल. प्रतिबंधासाठी मोठ्यांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून, असं सर्वसाधारणपणे देतात. पण बाबांच्या बाबतीत इथल्या माझ्या ओळी वाचून गोळी चालू करू नका. त्या गोळीने लघवी वाढते, आणि बीपीच्या काही औषधांतही लघवी वाढवणारा घटक असतो. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लेकीचा डोस वजनावर ठरतो. चौघांच्या औषधांची यादी करून आपल्या डॉक्टरांकडे जा, बाबांचा ईसीजी आणि हवं तर स्ट्रेस टेस्टही उरकून घ्या. बीपीची गोळी "हवा बदलली" म्हणून बंद करायची नाही, हे त्यांना बजावून सांगा. त्या वयाच्या पुरुषांचा हा आवडता उद्योग असतो.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याला देव मानू नका. बोट गार असलं की तो काहीही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस पडलेला, तर माणसावर विश्वास ठेवा. आणि बाबा पांडवलेणी चढतात याचा उंची सोसण्याशी काही संबंध नाही. उलट दमदार माणसं भरभर चढतात आणि डोकेदुखी लपवतात. रोज संध्याकाळी त्यांना सरळ विचारा, डोकं दुखतंय का, जेवलात का, झोप लागली का. जेवण टाकलं तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही.

घाटमाथा:

विमानाने थेट लेह कशाला? श्रीनगरहून गाडीने या. कारगिलला २७०० च्या आसपास एक रात्र, आल्चीला तीन हजाराच्या जरा वर दुसरी, मग लेह. शरीर आपोआप पायरीपायरीने चढतं. मनालीहून मात्र येऊ नका, सरचूला ४३०० वर रात्र काढून लोक लेहला अर्धमेले पोचतात.

खिंडपार:

सूचना उत्तम, पण दहा दिवसांत श्रीनगर बसवलं तर ट्रेकच उरत नाही.

थुक्पा:

खाण्याची अजिबात काळजी नको. होमस्टेमध्ये डाळभात, भाजी, चपाती मिळतेच, पण तेवढंच मागू नका. स्क्यू म्हणजे कणकेचे चिमटून केलेले तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. आपल्या वरणफळांची लांबची बहीण समजा. शाकाहारी हवं हे आधी सांगायचं, कारण त्यात सुकं मांस घालायची पद्धत आहे. सकाळी खंबीर नावाची जाड रोटी आणि जर्दाळूचा जॅम. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला आवडत नाही. तो चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या. निघताना डब्यात चपाती, उकडलेला बटाटा देतात. मेतकूट आणि कोरडी चटणी घरून न्या, तो बटाटा तुम्हाला आठवणीत राहील.

बसायला स्वयंपाकघरच. मधोमध नक्षीची चूल, भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी उतरंडीसारखी लावलेली, त्यातली काही चिलिंगच्या कारागिरांनी घडवलेली. संडास कोरडा, माडीवरचा. जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची. पुढे त्याचंच खत सातूच्या शेतात जातं. तुमच्या बाबांना हे दाखवा, दोन तास तिथून हलणार नाहीत.

ही घरं २००० नंतर 'स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी'ने गावकऱ्यांबरोबर सुरू केलेल्या होमस्टे योजनेतून वाढत गेली. बिबट्याने गोठ्यात शिरून मेंढ्या मारल्या तरी त्याला मारू नये, त्याच्यामुळेच पाहुणे येतात आणि चार पैसे मिळतात, हा हिशेब. सगळी दरी हेमिस राष्ट्रीय उद्यानात येते. लेकीला बिबट्या नाही तर भरल (रानमेंढ्या) नक्की दिसतील, कड्याच्या रंगात मिसळून गेलेल्या.

गाइड लडाखीच घ्या. बायकामाणसांसोबत बाई गाइड हवी असेल तर थिनलस चोरोल यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'लडाखी विमेन्स ट्रॅव्हल कंपनी' आहे, तिथे गाइड बायकाच. रोख पैसे लेहमध्येच काढा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि दरीत तेही चालेल असं धरू नका. सॅटेलाइट फोन हौसेने नेऊ नका, परवान्याशिवाय तो आपल्याकडे बेकायदा आहे. लोक अडकलेत त्यात.

हिरवीवाट:

किती लिहिलंत सगळ्यांनी! मोठ्याने वाचून दाखवलं. संडासाच्या परिच्छेदाला बाबांनी पुन्हा वाचायला लावलं.

एजंटला खिंडपार यांचा प्रश्न विचारला. "मॅडम, असं कधी झालंच नाही" असं उत्तर आलं. फोन ठेवला.

आता घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात, "मला खिंडीशी काय करायचंय? हांकरला दोन रात्री राहू, सातूची कापणी बघू, परत येऊ." लेक आणि नवरा मात्र कोंगमारू ला सोडायला तयार नाहीत. दहा दिवसांत दोन्ही जमेल का? म्हणजे हांकरपर्यंत सगळे एकत्र, तिथून दोघं पुढे आणि आम्ही दोघं मागे?

खिंडपार:

जमतं. रात्री अशा लावा: लेह तीन, मग स्क्यू गाव (३४००), मार्खा (३८००), हांकर (४०००). इथे वाटा फुटतात. पुढे जाणारे थोचुंगत्से (४२००), निमालिंग, आणि खिंड ओलांडून नवव्या रात्री लेह. तुम्ही आणि बाबा हांकरला दुसरी रात्र काढून मागे फिरा. गाडीरस्ता दरीत बराच आत आलाय, शुद्ध ट्रेकवाले त्यावर नाक मुरडतात, पण बाबांसारख्यांना तो वरदान आहे. निमालिंगची पायरी तरीही सहाशेची राहते, आणि हातात जादा दिवस उरत नाही. म्हणून थोचुंगत्सेला कोणाचंही डोकं दुखत असेल तर खिंड रद्द, लेक कितीही रुसली तरी. हे निघण्याआधी तिच्याकडून कबूल करून घ्या.

दोन गाइड लागतील. एकातच भागवू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आणि बाबांबरोबर "रस्ता तर सरळ आहे" म्हणून नुसता गावातला पोरगा देऊ नका. शांग सुमदोला येणाऱ्या गाडीचा दिवस आणि वेळ लेहमध्येच पक्की करा, कारण वरून फोन लागणार नाही. खिंड रद्द झाली तर ती गाडी फुकट जाईल, तिचे पैसे आधीच खर्चात धरा. म्हणजे त्या पैशांसाठी कोणी वर जायचा हट्ट करणार नाही.

मावशी_एमबीबीएस:

+१. शेवटची दोन वाक्यं छापून पाकिटात ठेवा.

हिरवीवाट:

धरले. एकच राहिलं: नदी ओलांडायला बूट काढायचे की तसेच?

थुक्पा:

काढायचे. मागे पट्टा असलेली सँडल वेगळी घ्या, अनवाणी नको, दगड धारदार आणि पाणी बर्फाचं. आणि ओलांडायचं ते सकाळी. दुपारनंतर वरचा बर्फ वितळून पाणी चढतं.