फ्रँक रायकार्ड: प्रशिक्षक म्हणून श्रेय किती द्यावे?

प्रश्न:
नमस्कार. फुटबॉलपटू म्हणून नेदरलँड्सच्या रायकार्ड यांचे मोठेपण वादातीत आहे. १९८८ चा युरो करंडक आणि इटलीच्या मिलान क्लबकडून सलग दोन युरोपियन चषक त्यांच्या नावावर आहेत. माझी शंका प्रशिक्षकपदाबद्दल आहे. युरो २००० मध्ये घरच्या मैदानावर उपांत्य फेरीत इटलीकडून हरताच त्यांनी नेदरलँड्सचे प्रशिक्षकपद सोडले, आणि २००२ मध्ये स्पार्टा रॉटरडॅम हा १८८८ पासूनचा क्लब त्यांच्याच हाताखाली इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला. मग पुढे प्रशिक्षक म्हणून बार्सिलोना क्लबमध्ये मिळालेले यश त्यांचे मानावे की संघातील स्टार खेळाडू रोनाल्डिन्होचे?

प्रतिसाद १:
युरो २००० चा दोष मी त्यांना देणार नाही. इटलीविरुद्ध मूळ वेळेतच संघाला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. फ्रँक डी बूरचा फटका इटलीचा गोलरक्षक टोल्डोने अडवला आणि क्लाइव्हर्टचा खांबाला लागला. त्याआधीच्याच सामन्यात याच संघाने युगोस्लाव्हियाला ६-१ असे हरवले होते. स्पार्टाचे अपयश मात्र त्यांच्याच पदरात टाकावे लागेल.

प्रतिसाद २:
बार्सिलोनाचे श्रेय निव्वळ रोनाल्डिन्होला देणे मला पटत नाही. रोनाल्डिन्हो असतानाही २००३-०४ च्या पहिल्या टप्प्यात संघ रेंगाळत होता; जानेवारीत मध्यफळीतला खेळाडू डेव्हिड्स आला, मध्यफळीला आधार मिळाला, तिथल्याच झावीला पुढे सरकून खेळता आले आणि संघ थेट दुसऱ्या स्थानावर पोहोचला. त्यानंतर सलग दोन लीग विजेतेपदे आली. २००६ चा चॅम्पियन्स लीगचा (म्हणजे पूर्वीच्या युरोपियन चषकाचा) पॅरिसमधील अंतिम सामना तर मी कितीदा पाहिला असेल! प्रतिस्पर्धी आर्सेनल या इंग्लिश क्लबचा गोलरक्षक लेमन १८ व्या मिनिटालाच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, तरीही आर्सेनलच्या कॅम्पबेलच्या हेडरमुळे बार्सिलोना पिछाडीवर होते. रायकार्ड यांनी मध्यंतरानंतर इनिएस्टाला, ६१ व्या मिनिटाला लार्सनला आणि मग बेलेट्टीला उतरवले. ७६ व्या मिनिटाला लार्सनच्या हलक्या स्पर्शावर एटोने बरोबरी साधली, आणि पाचच मिनिटांत लार्सनच्याच पासवर बेलेट्टीने विजयी गोल केला. तिन्ही बदल उपयोगी पडले, याला नुसते नशीब कसे म्हणायचे?

प्रतिसाद ३:
वरील मताशी मी सहमत आहे, पण उतरणीचाही विचार व्हावा. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिदइतकेच ७६ गुण असूनही परस्पर सामन्यांतील कामगिरीवर लीग हातची गेली. पुढच्या वर्षी संघ तिसरा आला आणि त्यांच्या जागी ग्वार्डिओला आले. यशस्वी संघाला शिस्तीत ठेवणे त्यांना जमले नाही, असे मला वाटते. तरीही १६ ऑक्टोबर २००४ रोजी एस्पान्योलविरुद्ध १७ वर्षांच्या मेस्सीला लीगमध्ये प्रथम उतरवले ते रायकार्ड यांनीच, आणि ग्वार्डिओला यांच्या हाती आलेल्या संघात झावी, इनिएस्टा, पुयोल हे सारे रायकार्ड यांच्या हाताखाली खेळलेले होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. डेव्हिड्स येण्यापूर्वीचा तो काळ मी लक्षातच घेतला नव्हता. २००३-०४ चे सामने आता क्रमाने पाहणार आहे.