‘ट्रुमन यांची लोकप्रियता २२ टक्के’ हे मराठी बरोबर आहे का?

मिरजेची ताई:

दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या माजी अध्यक्षांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. एका वाक्यावर गाडी अडली. गॅलप या अमेरिकी संस्थेच्या जनमत चाचणीत हॅरी ट्रुमन यांचं ‘अप्रूव्हल रेटिंग’ फेब्रुवारी १९५२ मध्ये २२ टक्क्यांवर आलं होतं. मी सरळ लिहिलं, ‘ट्रुमन यांची लोकप्रियता २२ टक्क्यांवर घसरली.’ मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं: ‘लोकप्रियता टक्क्यांत कशी? प्रिय म्हणजे नक्की काय?’

आधी चिडले. मग वाटलं, काकांचं खरं आहे. वर्तमानपत्रांत रोज हेच छापून येतं, पण मूळ शब्दाचा प्रेमाबिमाशी काही संबंध नाही. ‘मान्यता’, ‘पसंती’, ‘अनुमोदन’ लावून पाहिले. ‘मान्यता’ म्हटलं की डी.एड. कॉलेज आठवतं, ‘पसंती’ म्हटलं की कांदेपोहे. ‘अनुमोदन’ द्यायला आधी कुणीतरी सूचक लागतो. सुचवा.

सदाशिवपेठी:

गॅलपवाले दशकानुदशके जो प्रश्न विचारत आले तो बघा. अध्यक्ष आपलं काम ज्या रीतीने सांभाळत आहेत ते तुम्हाला मान्य आहे की अमान्य? माणूस आवडतो का, असं विचारलेलंच नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न असतो आणि दोन्हींची उत्तरं फारकत घेऊ शकतात.

क्लिंटन यांचंच घ्या. लेविन्स्की प्रकरणावरून १९ डिसेंबर १९९८ ला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोगाचे आरोप ठेवले. त्याच शनिवार-रविवारी घेतलेल्या चाचणीत त्यांचं रेटिंग ७३ टक्के आलं, त्यांच्या आठ वर्षांतलं सर्वाधिक. त्याच दिवसांत त्यांच्या सचोटीबद्दल विचारलं की हेच लोक नाक मुरडत होते. आता या ७३ ला ‘लोकप्रियता’ म्हणाल तर वाचकाला वाटेल, अमेरिकेला त्या भानगडीचं कौतुकच होतं!

(जाता जाता: आपल्याकडच्या मथळ्यांत ‘महाभियोग मंजूर’ वाचून कित्येकांना वाटलं होतं, गेले क्लिंटन. तिथे प्रतिनिधिगृह फक्त आरोप ठेवतं, खटला सिनेटमध्ये चालतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये ते सुटले. तो शब्दही एकदा चर्चेला घ्या कुणीतरी.)

वऱ्हाडी ठेचा:

सरळ ‘पाठिंबा’ लिहा ना. एवढं काय त्यात?

सदाशिवपेठी:

पाठिंबा दिला की उद्या मतही देईन असा अर्थ निघतो. थोरल्या बुश यांना आखाती युद्ध जिंकल्यावर, १९९१ च्या सुरुवातीला, ८९ टक्के होते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात हरले, मतं ३७ टक्क्यांच्या आसपास. पाठिंबा काढून घेतला म्हणायचं तर दिला कधी होता?

वऱ्हाडी ठेचा:

मग धाकट्या बुशचं सांगा. सप्टेंबर २००१ च्या पहिल्या पंधरवड्यात ५१ टक्के आणि त्याच महिन्याच्या २१-२२ तारखेला ९० टक्के. दोन आठवड्यांत त्या माणसाने असा कोणता कारभार केला? न्यू यॉर्कचे मनोरे पडले, लोक घाबरले आणि एकत्र आले, बस. हा पाठिंबाच झाला. प्रश्न कामाचा असेल हो, पण माणसं उत्तर भलत्याच प्रश्नाचं देतात.

सदाशिवपेठी:

हे मात्र कबूल. पुढे २००८ मध्ये तेच २५ वर आले तेव्हा मात्र लोक कारभाराबद्दलच बोलत होते.

न्यूजर्सीकर:

आमच्या घरातला किस्सा. जेवणं चालू असताना चाचणीवाल्यांचा फोन आला. मी अप्रूव्ह-डिसअप्रूव्ह करत दहा मिनिटं उत्तरं दिली. सासरे तेव्हा सोलापूरहून आमच्याकडे आले होते. फोन ठेवल्यावर मी त्यांना म्हटलं, ‘बाबा, अध्यक्ष मला आवडतो की नाही ते विचारत होते.’ प्रश्न त्यांनी ऐकला होता. भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘अगं, आवडतो का नाही विचारलं त्यांनी. त्याचं चाललंय ते तुला पटतंय का, असं विचारलं.’

तेव्हापासून माझ्या मते शब्द ‘पटणे’ हाच. नाम शोधत बसलात तर सापडणार नाही. क्रियापद वापरा.

मिरजेची ताई:

वा! पण ‘आमचं पटत नाही’ म्हटलं की पुन्हा माणसावरच आलो.

न्यूजर्सीकर:

तीच तर गंमत आहे. ‘माझं त्याच्याशी पटत नाही’ हे माणसाबद्दल. ‘मला त्याचं वागणं पटत नाही’ हे कामाबद्दल. क्रियापद तेच, फक्त ‘माझं’चं ‘मला’ झालं की प्रश्न बदलला. इंग्रजीत त्याला दोन वेगळे प्रश्न छापावे लागतात.

सेवानिवृत्त:

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत गोपनीय अहवाल हाताळले, म्हणून चार शब्द. आमच्याकडे कर्मचाऱ्याच्या कामावर आधी प्रतिवेदन अधिकारी शेरा लिहितो. कर्मचारी रोज त्याच्या डोळ्यासमोर असतो, म्हणून शेऱ्यात रागलोभ उतरतो. मग फाइल पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे जाते. तो लांबून बघतो आणि शेरा कायम ठेवतो, खाली आणतो किंवा वर नेतो. अमेरिकेत जनता प्रतिवेदन अधिकारी आणि इतिहासकार पुनर्विलोकन अधिकारी, एवढं धरून चाला.

ट्रुमन यांना जनतेने दिलेला शेरा प्रतिकूल होता. कोरियातलं युद्ध रखडलेलं, सरकारात लाचखोरीची प्रकरणं, त्यात मॅकआर्थरसारख्या लाडक्या सेनापतीला १९५१ मध्ये घरी बसवलेलं. पुढे इतिहासकारांनी फाइल उघडली तेव्हा युरोपला उभं करणारी मार्शल योजना, नाटो, सैन्यातला वर्णभेद संपवणारा १९४८ चा आदेश हे सगळं त्यांना दिसलं. सी-स्पॅन वाहिनीने २०२१ मध्ये इतिहासकारांकडून करून घेतलेल्या प्रतवारीत ट्रुमन सगळ्या अध्यक्षांत सहावे आहेत. मॅकआर्थरला काढणंही आता त्यांच्या जमेच्या बाजूला मांडतात.

पुनर्विलोकन अधिकारीही बदलतात, हे विसरू नका. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी १९४८ मध्ये ५५ जाणकारांकडून अध्यक्षांची प्रतवारी करून घेतली, तेव्हा ग्रँट ‘अपयशी’ या तळाच्या रांगेत होते आणि विल्सन ‘थोर’ ठरले होते. सी-स्पॅनच्या यादीत ग्रँट २००० मध्ये ३३ वे होते, २०२१ मध्ये २० वे. विल्सन ६ वरून १३ वर घसरले. ग्रँट यांनी नवा एकही कागद सही केलेला नाही, विल्सन यांनी नवी चूक केलेली नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना कुणी संरक्षण दिलं (ग्रँट यांनी) आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत त्यांना वेगळं कुणी बसवलं (विल्सन यांच्या सरकारने), हे प्रश्न आता परीक्षक अधिक विचारू लागले.

तेव्हा ताई, या दुसऱ्या मोजणीला ‘लोकप्रियता’ही नको आणि ‘पटणे’ही नको. तिथे ‘कारकीर्दीचं मूल्यमापन’ म्हणा. कारकीर्द पुरी झाल्याशिवाय ते होत नाही.

सदाशिवपेठी:

आणि ‘कामगिरी’ जपून वापरा. आज तो शब्द शाबासकीकडे झुकलाय, ‘भारताची दमदार कामगिरी’ वगैरे. मुळात नेमून दिलेलं काम एवढाच अर्थ. पोलीस अजूनही ‘कामगिरीवर’ जातात, तिथे पराक्रम करतीलच असं नाही.

श्लेसिंजरच्या यादीतल्या ‘नियर ग्रेट’ला काय म्हणणार, याची मला उत्सुकता आहे. ‘जवळपास थोर’ म्हटलं की हसू येतं.

वऱ्हाडी ठेचा:

उपथोर.

न्यूजर्सीकर:

😂 त्यावरून आठवलं, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये अध्यक्ष झाल्या झाल्या लावलेल्या धडाक्यापासून तिकडे प्रत्येक अध्यक्षाचे पहिले शंभर दिवस मोजतात. मराठीत त्याचा मथळा करताना सांभाळून. ‘अध्यक्षांचे शंभर दिवस भरले’ किंवा ‘अध्यक्षांची शंभरी भरली’ असं लिहिलंत तर शिशुपालच डोळ्यासमोर येईल.

सेवानिवृत्त:

आकड्यांचं एक. ५० चे ४५ झाले की ‘पाच टक्क्यांनी घट’ छापतात. ती दहा टक्क्यांची घट आहे. शेअर बाजाराच्या बातमीत लिहितात तसं ‘पाच अंशांनी घसरलं’ लिहा.

नवा सदस्य:

मध्येच विचारतो, आपल्या राष्ट्रपतींचं असं रेटिंग का काढत नाहीत?

सदाशिवपेठी:

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ७४. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. कारभार मंत्र्यांचा, मग पटायचं-न पटायचं काय ते त्यांचं. म्हणून तर मराठी वर्तमानपत्रं अमेरिकेच्या बाबतीत ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहितात. ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ ही हिंदी बातम्यांची सवय.

मिरजेची ताई:

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं: ‘फेब्रुवारी १९५२ मध्ये शंभरातल्या बावीस जणांनाच ट्रुमन यांचा कारभार पटत होता.’ शेवटच्या तक्त्यात मात्र रकाना अरुंद आहे, तिथे ‘पसंती’ ठेवली, कांदेपोह्यांसकट.

काकांकडून मुद्रित परत आलं. ‘पटत होता’ तसंच राहिलं. ‘बावीस’ खोडून ‘२२’ केलंय.