बाबांची कोलोनोस्कोपी ठरलीये, तयारी कशी करायची?

वारजेकर: बाबांना (वय ६३) बरेच दिवस शौचावाटे रक्त जातंय, मूळव्याध असेल म्हणून अंगावर काढत होते. आता डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासतात ती) सांगितलीये, शनिवारी सकाळी. शुगरची आणि रक्त पातळ करायची अशा दोन्ही गोळ्या चालू आहेत. हातात पोट साफ करायची पावडर आणि एक कागद दिलाय, बस. बाबा म्हणतात नळी घालणार म्हणजे दुखणारच, मी येत नाही. कोणाच्या घरी झाली असेल तर प्लीज सांगा.

मुग्धा_सिंहगडरोड: घाबरू नका, झोपेचं इंजेक्शन देतात, सासूबाईंना तर बाहेर आणल्यावर कळलं की झालं. खरा त्रास आदल्या रात्रीचा. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, पालेभाज्या बंद, पेरू-टोमॅटो-तीळ-शेंगदाणे काही नको, म्हणजे साबुदाण्याची खिचडीपण नाही, हलकं म्हणून घरोघरी हमखास तीच देतात. मऊ भात, दही चालतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त पातळ, गाळलेलं लिंबू सरबत, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत अजिबात नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पावडरचं पाणी फ्रीजमध्ये गार करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास, घटाघट प्यायलं की उलटी होते. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणीच पडायला हवं. गढूळ असेल तर निघायच्या आधी हॉस्पिटलला फोन करा, मळ राहिला तर त्याखाली छोटा पॉलिप (आतड्याच्या आत वाढलेली गाठ) दिसतच नाही आणि सगळं परत करावं लागतं.

एन्डोस्कोपी_सिस्टर: ताईंनी बरोबर सांगितलंय. गोळ्यांचं मात्र आजच डॉक्टरांना विचारा, शनिवारपर्यंत थांबू नका. रक्त पातळ करायची गोळी कुठली आणि कशासाठी त्यावर ठरतं, काही गोळ्या चार-पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, आणि स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला असेल तर मनाने बंद करणं फार धोक्याचं. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली तर शुगर उतरू शकते, घाम आला, हात थरथरले तर लगेच साखरेचं पाणी द्या. लोहाची गोळी असेल तर तीही आधी थांबवावी लागते. तपासणीनंतर घरी येताना स्कूटरवर मागे बसवून आणू नका, रिक्षा करा, आणि २४ तास त्यांना गाडी चालवू देऊ नका.

वारजेकर: खूप धन्यवाद दोघींना, आत्ताच फोन करतो. आतून तुकडा काढून तपासायला (बायोप्सीला) पाठवला तर कॅन्सरच समजायचं का?

एन्डोस्कोपी_सिस्टर: नाही हो, अजिबात नाही. बायोप्सी साध्या सुजेसाठीही घेतात. पॉलिप दिसला तर बहुतेक वेळा तिथेच तारेच्या फासाने काढतात, काही पॉलिपचा पुढे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो म्हणून निघालेला बराच. नंतर पोट फुगतं, गॅस जातो, ते चालतं. पण पोट खूप दुखलं, कडक झालं, ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. आतड्याला छिद्र पडणं फार क्वचित होतं, पण झालं तर उशीर परवडत नाही.