बोस्टन ते अकेडिया, ऑक्टोबरात पाच दिवस: मुलं आणि आजी-आजोबांसह गाडीने

सागरवाट (प्रश्न)
ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी धरून पाच दिवस आहेत. बोस्टनहून किनाऱ्याने मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कपर्यंत जाऊन परत यायचं आहे. मुलं ६ आणि ९ वर्षांची, आजी-आजोबा सत्तरीचे. गाडी सात सीटची, भाड्याची. जाताना किनाऱ्याचा रूट १ धरावा की हायवे? झाडांचे रंग तेव्हा असतील का? तिथल्या कॅडिलॅक डोंगरावरचा सूर्योदय सगळ्यांना घेऊन जमेल का? केप कॉडही बसवता येईल का?

खारावारा
केप कॉड या वेळी सोडा. ते बोस्टनच्या आग्नेयेला, अकेडिया ईशान्येला. पाचातला दीड दिवस त्यातच जाईल.

जाताना आय-९५ हायवेने बँगॉर, तिथून १ए ने अकेडियालगतचं बार हार्बर गाव. साधारण २८० मैल, थांबे धरून सहा-साडेसहा तास. रूट १ परतीला ठेवा. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो आणि रूट १ वर कॅमडेन, विस्कॅसेट अशा गावांतून गाडी रांगतच जाते. पहिल्याच दिवशी तो धरलात तर शेवटचा टप्पा अंधारात पडतो. मेनमध्ये अंधारात मूसची, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाची, खरी भीती असते. त्याचे पाय इतके उंच की हेडलाइटचा उजेड पायांवरच पडतो, डोळे चमकत नाहीत. समोर येईपर्यंत तो दिसतच नाही.

रंग मिळतील. समुद्राच्या उबेमुळे किनाऱ्यावर पानं उशिरा रंगतात. आतल्या डोंगरात बहर ओसरत आलेला असतो तेव्हा अकेडियात तो चढत असतो. ऑक्टोबरचा मध्य सहसा उत्तम. अकेडिया ज्या बेटावर आहे त्याच्या पूर्व भागातलं सदाहरित स्प्रूसचं जंगल १९४७ च्या वणव्यात जळालं आणि त्या जागी बर्च, अ‍ॅस्पेन अशी पानझडी झाडं आली. म्हणून पिवळा-केशरी रंग पूर्वेकडे जास्त आहे, पश्चिमेकडे बराचसा गडद हिरवा. फक्त एखादं वादळ आलं की पानं एका रात्रीत उतरतात.

कॅडिलॅकच्या रस्त्यावर गाडी न्यायला वेगळं आरक्षण लागतं, गाडीमागे ६ डॉलर. पार्कचा पास याहून वेगळा. ३० टक्के जागा ९० दिवस आधी खुल्या होतात, उरलेल्या ७० टक्के दोन दिवस आधी सकाळी दहाला. दहाला म्हणजे दहालाच स्क्रीनसमोर बसा, सुट्टीच्या आठवड्यात सूर्योदयाच्या जागा बघता बघता संपतात. फाटकावर तिकीट विकत नाहीत आणि मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे आरक्षणाचा कोड आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

भरतीओहोटी
वरच्या सगळ्याशी सहमत. पण दिवसाची आखणी घड्याळाआधी भरतीच्या तक्त्यावरून करा, मुलं बरोबर असताना तर नक्कीच. बार हार्बरला भरती-ओहोटीत १० ते १२ फुटांचा फरक पडतो. ब्रिज स्ट्रीटच्या टोकाहून बार आयलंडला जाणारी खडीची वाट ओहोटीच्या दीड तास आधी उघडी पडते आणि दीड तासानंतर बुडते. मुलांना तिथून हलवणं अवघड: शिंपले, खेकडे, पायाखाली फुटणारे शेवाळाचे फुगे. म्हणून परतायची वेळ आधीच ठरवा. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, काल पाहिलेली वेळ आज चालत नाही.

थंडर होल या किनाऱ्यावरच्या खडकातल्या कपारीचं उलटं: भरतीच्या एक-दोन तास आधी गेलात तर पाणी खरंच गडगडतं. खडकावर जिथून काळा, ओलसर पट्टा सुरू होतो त्याच्या खाली कुणालाही उतरू देऊ नका. तो पट्टा बर्फासारखा निसरडा असतो. दूरवर चक्रीवादळ असलं तर कठड्याजवळही नको. ऑगस्ट २००९ मध्ये 'बिल' वादळाच्या लाटेने इथून माणसं ओढून नेली होती, त्यात एका लहान मुलीचा जीव गेला.

सागरवाट
फार उपयोगी, मनापासून आभार. सूर्योदयाचं आरक्षण नाहीच मिळालं तर? आणि आजीला चढ-उतार झेपत नाही.

खारावारा
मग ओशन ड्राइव्ह या पार्कमधल्या किनाऱ्याच्या रस्त्यावरून सूर्योदय बघा, तिथे पार्कचा पास पुरतो. कॅडिलॅकचं दिवसाचं आरक्षण त्या मानाने सहज मिळतं. ठरलेल्या अर्ध्या तासात फाटकातून आत गेलं की वर कितीही वेळ थांबता येतं. दुपारी उशिराची वेळ घ्या आणि सूर्यास्त बघूनच उतरा. माथा १५३० फुटांवर, वारा बोचरा. आजी-आजोबांना कानटोपी आणि वाराबंद जाकीट हवंच.

आजींसाठी कॅरेज रोड. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरने बांधवून घेतलेले हे खडीचे रस्ते रुंद आहेत, मोटारींना बंदी आहे. जॉर्डन पाँडजवळचा सपाट तुकडा निवडा, वाटेल तिथून मागे फिरता येतं. तळ्याची पूर्ण फेरी मात्र टाळा, पश्चिमेला दगड आणि अरुंद फळ्यांची वाट आहे.

परतीला पेनॉब्स्कॉट नॅरोज पुलाच्या मनोऱ्यावर ४२० फुटांपर्यंत लिफ्ट जाते. अगदी वर पोचायला शेवटी थोड्या पायऱ्या आहेत, तेवढं आजींना आधी सांगा.

चाकोरी
गाडीबद्दल. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब सुमारे १ पीएसआय (दाबाचं एकक) उतरतो, त्यामुळे थंड पहाटे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागू शकतो. घाबरू नका, पण दुर्लक्षही नको: गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या आकड्याइतकी भरा.

सीटची तिसरी रांग उघडली की मागे फारच थोडी जागा उरते. कडक सुटकेस नकोत, मऊ बॅगा घ्या. सहा वर्षांच्या मुलाला बूस्टर सीट (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागेलच. नऊ वर्षांच्याची उंची ५७ इंचांपेक्षा कमी असेल तर त्यालाही द्या, नाहीतर पट्टा मानेवर येतो.

टोलसाठी स्वतःचा ई-झीपास (टोल आपोआप भरणारा टॅग) असेल तर भाड्याच्या गाडीचा नंबर खात्यात घाला आणि गाडी परत केली त्याच दिवशी काढा. राहिला तर पुढच्या भाडेकरूचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.