मिशेल मुटाँ: बाईचा हात की गाडीचा जोर?

डिझेल_आत्मा: रविवारी मित्राशी जुंपली म्हणून इथे टाकतोय. फ्रान्सची मिशेल मुटाँ, १९८१ ची सानरेमो रॅली, म्हणजे गाड्यांची शर्यत, मारली, वर्ल्ड चॅम्पियनशिपची फेरी जिंकलेली आजपर्यंतची एकमेव बाई. मान्य. पण बुडाखाली ऑडी क्वाट्रो होती ना, चारही चाकांना पॉवर, बाकीचे बहुतेक तेव्हा दोन चाकांवर माती उडवत होते. अर्धं काम तिथंच झालं असं माझं मत. घाला शिव्या.

घाटकरी: शिव्या कशाला, हिशोबच घालतो. १९८२ ला तीच गाडी हानू मिकोलाकडे पण होती, आणि तो काय ऐरागैरा नाही, पुढच्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्या सीझनला पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील मिशेलने मारल्या, मिकोलाने दोनच. पॉइंट्समध्ये पण तो खाली. आता बोला.

डिझेल_आत्मा: अहो पण चॅम्पियन कोण झालं? वॉल्टर रोर्ल, ओपेल अस्कोना, जोर फक्त मागच्या चाकांना. दोन रॅली जिंकून १०९ पॉइंट, ही तीन जिंकून ९७. गाडी शेवटपर्यंत नेणं हे पण ड्रायव्हिंगच की.

पॅडॉकवाली: त्याच सीझनला आयव्हरी कोस्टच्या रॅलीत काय झालं माहितीये का? स्टार्टच्या तोंडावर मिशेलचे वडील गेले. तरी बसली गाडीत, शेजारी को-ड्रायव्हर फाब्रित्सिया पॉन्स रस्त्याच्या नोट्स वाचायला, तासाभराहून जास्त लीड काढला, मग गिअरबॉक्सने दगा दिला, तो बदलण्यात सगळी कमाई गेली आणि नंतर गाडी ठोकली. रोर्ल जिंकला आणि टायटल पण त्याचं. हे 'शेवटपर्यंत नेली नाही' एवढ्यावर उडवून लावायचं?

घाटकरी: +१. शिवाय क्वाट्रोच्या आधीचं बघा की राव. १९७५, ल मां, चोवीस तासांची रेस, तिघी बायकांची टीम, दोन लिटर इंजिनवाल्या गाड्यांचा क्लास जिंकल्या. पाऊस सुरू झाला तर बाई स्लिक्सवरच, म्हणजे गुळगुळीत टायर, पिटमधून थांब थांब चाललंय आणि ही एकेकाला मागे टाकत सुटलीये. तिथे कुठली आलीये चार चाकांची पॉवर?

डिझेल_आत्मा: ल मांचं माहीत नव्हतं, खरं सांगतो. आत्ता बघितलं, ओव्हरऑल २१ वा नंबर होता, तेव्हा फार चढवू पण नका. बाकी ते गिअरबॉक्सचं... तो पण क्वाट्रोचाच होता म्हणा. म्हणजे गाडीने दिलं तसं टायटल नेलं पण गाडीनेच, हे मित्राला सांगायची सोय नाही आता.

पॅडॉकवाली: मग आधी धाग्याचं नाव बदला.