ब्रायटनमधले जखमी शिपाई
पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ करून ब्रिटिशांनी आपल्या जखमी भारतीय शिपायांची 'राजेशाही बडदास्त' ठेवली, असं म्हटलं जातं. सोय चांगलीच होती: जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. पण त्याच गावात याच शिपायांसाठी असलेल्या किचनर हॉस्पिटलला काटेरी तारेचं कुंपण होतं, चालतेफिरते रुग्णही मोकळेपणी बाहेर पडू शकत नसत.

मनाला जास्त लागतात ती त्यांची पत्रं. जखम भरली की पुन्हा फ्रान्सच्या खंदकात धाडतील, हा घोर त्यांत सारखा दिसतो. पत्रं सेन्सॉर व्हायची, म्हणून आडून लिहायचे: काळी मिरी संपत आलीय, आता थोडी लाल मिरची वापरतात. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरनं असे उतारे टिपून ठेवले, म्हणून ते आज वाचायला तरी मिळतात.